चाळीस वर्षांच्या हप्त्यावरचं यान

यान २०० टनांचं. पुढचा ब्रिज, यान चालवायची जागा, २० टन खातो. इंजिनं मिळून १५, संगणक १, इंधनाच्या टाक्या ३०. राहायच्या दहा खोल्या, प्रत्येकी चार टनांच्या, म्हणजे ४०. गोठवून न्यायच्या प्रवाशांच्या वीस पेट्या अर्ध्या-अर्ध्या टनाच्या, म्हणजे १०. पुढेमागे तोफा बसवायच्या तर त्यासाठी २ टन राखून ठेवायचे. उरले ८२ टन, ती मालाची जागा. बेरीज बरोबर २००. किंमत ३ कोटी ७० लाख ८० हजार क्रेडिट.

हा हिशेब ‘ट्रॅव्हलर’ या खेळातल्या ‘फ्री ट्रेडर’ जातीच्या यानाचा. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात नॉर्मल नावाचं गाव आहे. (होय, गावाचं नावच नॉर्मल.) तिथल्या ‘गेम डिझायनर्स वर्कशॉप’ या कंपनीने १९७७च्या जुलैमध्ये हा खेळ काढला. रचनाकार मार्क मिलर. खोक्यात तीन काळ्या, पातळ पुस्तिका होत्या. त्यातली दुसरी यानांची. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकजण एकेक पात्र होतो, एकजण रेफरी बनून जग सांभाळतो, आणि निकाल फासे लावतात. फाशांइतकीच पेन्सिल आणि चौकडीचा कागद लागतो. दोनच महिन्यांपूर्वी ‘स्टार वॉर्स’ लागला होता, त्यामुळे गिऱ्हाईक अवकाशात जायला अधीरच होतं. पण या पुस्तिकेने त्याच्या हाती प्रकाशाची तलवार न देता जमाखर्चाची वही दिली, आणि खेळ टिकला तो त्या वहीमुळे.

यानाचं पोट उघडून दाखवायची हौस त्याआधीची. ‘स्टार ट्रेक’ या टीव्ही मालिकेतल्या एंटरप्राइझ यानाचा आराखडा करणारे मॅट जेफरीज दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानांवर काम केलेले. बिघडलं तर दुरुस्त करता आलं पाहिजे, ही त्यांची दृष्टी. पण टीव्हीचा सेट तीन भिंतींचा असतो. चौथ्या भिंतीमागे काय, हा प्रश्न चाहत्यांना छळत राहिला. त्याला उत्तर दिलं फ्रांझ जोसेफ या नावाने काम करणाऱ्या एका विमान-अभियंत्याने. १९७५मध्ये त्यांनी काढलेले एंटरप्राइझचे मजल्यागणिक नकाशे बाजारात आले. त्यात चक्क बोलिंगचा हॉलही होता. तरी ते नकाशे पाहण्यासाठी होते, वावरण्यासाठी नव्हेत. पुढच्याच वर्षी जेम्स वॉर्ड यांचा ‘मेटामॉर्फोसिस अल्फा’ हा खेळ आला. त्यातलं ‘वॉर्डन’ हे यान ५० मैल लांब, इतकं अवाढव्य की आतल्या लोकांना आपण यानात आहोत याचाच पत्ता नाही. कल्पना झकास होती, पण तिथे यान म्हणजे एक आख्खा मुलूखच. त्याचा हप्ता भरायची वेळ कोणावर येत नाही.

ट्रॅव्हलरमधला ‘टन’ हा वजनाचा नव्हे, जागेचा. एक टन द्रवरूप हायड्रोजन साधारण १४ घनमीटर जागा व्यापतो, तेच माप. कागदावर दीड मीटरचे चौकोन आखायचे आणि छत तीन मीटरवर धरायचं, म्हणजे दोन चौकोनांचा झाला एक टन. या हिशेबाने चार टनांच्या खोलीला आठ चौकोन येतात, पण त्यातले दोनेक बोळात आणि जेवणाच्या जागेत जातात. उरतात सहा चौकोन, म्हणजे सुमारे १४५ चौरस फूट. मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तारकांमधून फिरणाऱ्या कप्तानाच्या वाट्याला वरळीच्या गिरणी कामगाराहूनही किंचित कमी जागा आली, हे वाचून मराठी माणसाला यान पटकन ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की चाळीतल्या खोलीत अख्खं कुटुंब राहायचं.

चौकोनांचा खरा उपयोग १९७९च्या ‘स्नॅपशॉट’ या खेळाने दाखवला. त्याचा विषय यानाच्या आतली हातघाई. आता दार कुठे उघडतं, शिडी कुठून वर जाते, इंजिनरूममधून ब्रिजवर पोचायला किती पावलं लागतात, यावर जीव अवलंबून राहू लागला. पुढच्या वर्षी ‘अझांटी हाय लाइटनिंग’ हा ६०,००० टनांच्या युद्धयानाच्या नकाशांचा भलामोठा संच निघाला. चोखंदळ खेळाडू चौकोन मोजायचे आणि पानावर लिहिलेले टन नकाशात भरतात का ते ताडून पाहायचे. चित्रकाराने टाक्यांना जागाच ठेवली नसेल तर चोरी लगेच पकडली जाई. टाक्या विसरून चालणारच नव्हतं. यान ताऱ्याकडून ताऱ्याकडे उड्या घेत जातं, आणि एका उडीत एक पार्सेक, म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षं जायचं तर यानाच्या एकूण जागेच्या दहा टक्के इंधन जळतं. दोन पार्सेकला वीस टक्के. लांब पल्ल्याचं यान म्हणजे मुख्यतः टाकी, आणि टाकीच्या कडेला अंग चोरून राहणारी माणसं.

चौकडीच्या कागदाने एक गोष्ट मात्र गुपचूप गृहीत धरली: पायाखाली जमीन आहे. ट्रॅव्हलरच्या यानात कृत्रिम गुरुत्वाकर्षण असतं. ते नसतं तर सपाट नकाशाला अर्थच उरला नसता. १९७३च्या ‘स्कायलॅब’ या खऱ्या अवकाशस्थानकात फरशी म्हणजे त्रिकोणी भोकांची जाळी होती. अंतराळवीर बुटाच्या तळाचा तुकडा त्या भोकात अडकवून उभे राहत. सोव्हिएत सोयूझ यानाची अंतर्रचना करणाऱ्या वास्तुरचनाकार गालिना बालाशोव्हा यांनी वर कुठलं आणि खाली कुठलं हे रंगांनी सांगितलं, आणि स्वतः रंगवलेली निसर्गचित्रंही आत लावली. खेळवाल्यांनी हा सगळा पेच एका वाक्यात मिटवून टाकला. कागदावर खेळायचं तर तेवढी लबाडी चालायचीच.

मग येतो पैसा. किमतीचा पाचवा हिस्सा रोख भरायचा. बाकीसाठी दरमहा किमतीचा २४०वा भाग, ४८० महिने. फ्री ट्रेडरचा हप्ता १ लाख ५४ हजार ५०० क्रेडिट. वैमानिक, इंजिनिअर, डॉक्टर आणि स्टुअर्ड यांनी चार खोल्या घेतल्या की प्रवाशांना सहा उरतात. वरच्या वर्गाचं भाडं १०,००० क्रेडिट, मालाचं टनाला १,०००. उडीला आठवडा लागतो, जवळपास तितकाच वेळ बंदरात जातो, तेव्हा महिन्याला दोनच खेपा. गच्च भरलेलं यान नफ्यात जातं. अर्धं रिकामं गेलं की पगार, इंधन आणि हवापाण्याचा खर्च धरून हप्ता चुकलाच. मग कप्तान संशयास्पद खोकी ‘आत काय आहे’ असं न विचारता चढवून घेतो, आणि त्या रात्रीच्या खेळाला कथानक मिळतं. रेफरीला वेगळा खलनायक लागत नाही, बँक पुरते.

गोठवून नेण्याचं तिकीट फक्त १,०००. ही कल्पना मिलर यांनी ई. सी. टब यांच्या ड्युमारेस्ट कादंबऱ्यांमधून घेतली. पोचल्यावर दोन फासे टाकायचे. बेरीज पाच किंवा जास्त आली तर प्रवासी उठतो, नाहीतर उठत नाही. म्हणजे सहांपैकी एक जातो. कुशल डॉक्टर असला तर बारांपैकी एक. वीस पेट्या भरल्या तर किती जण जिवंत निघतील यावर प्रवासी आधीच दहा-दहा क्रेडिटची पैज लावतात. जिंकणारा स्वतःच उठला नाही तर रक्कम कप्तानाची. अर्ध्या टनाच्या एका पेटीमुळे त्या जगात गरिबाच्या जिवाचा भाव काय, ते पानभर वर्णनाविना कळतं.

१९७९मध्येच ‘एलियन’ चित्रपट आला. त्यात रॉन कॉब यांनी मालवाहू नोस्ट्रोमोच्या दारांवर नि भिंतींवर लावायला चिन्हांची आख्खी लिपी आखली: इथे हवेचा दाब आहे, इथे नाही, इथे थंड साठवण. कामगारांचं, कळकट, बोनसवरून कुरकुरणारं यान पडद्यावर आणि टेबलावर जवळजवळ एकाच वेळी अवतरलं. ‘फासा’ या कंपनीने ट्रॅव्हलरसाठी यानांचे नकाशे विकत धंदा उभा केला आणि १९८२मध्ये ‘स्टार ट्रेक’चा अधिकृत खेळ काढला. १९८७मध्ये ‘वेस्ट एंड गेम्स’ने ‘स्टार वॉर्स’चा खेळ आणला, टेबलावर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांसाठी त्यांनी जमवलेला तपशील पुढे लुकासफिल्मने टिमथी झान यांना कादंबऱ्या लिहिताना संदर्भ म्हणून धाडला.

फ्री ट्रेडर मिळवायचा दुसराही एक मार्ग ट्रॅव्हलरच्या पहिल्या पुस्तिकेत आहे. पात्र अठराव्या वर्षी व्यापारी ताफ्यात भरती होतं, चार-चार वर्षांच्या मुदती काढतं, वरच्या हुद्द्यावर पोचतं, आणि निवृत्तीच्या वेळी फाशाने साथ दिली तर यान पदरात पडतं, चाळीस वर्षांच्या हप्त्यांसकट. तोच फासा पुन्हा पडला तर दहा वर्षांचे हप्ते फिटलेले धरायचे, पण यानही दहा वर्षांनी जुनं झालेलं. आणि पात्राच्या म्हातारपणाचे फासे चौतिसाव्या वर्षापासूनच पडू लागलेले असतात.