ब्राउझरमधल्या एका बटणाचा इतिहास

1994 साली कॅलिफोर्नियातल्या नेटस्केप कंपनीत लू मोंटुली या तरुण अभियंत्यापुढे साधीच अडचण होती. वेबसाइटला समोरचा माणूस लक्षात राहत नसे. ऑनलाइन दुकानात एखादी वस्तू निवडून पुढच्या पानावर गेलं, की आधीची निवड विसरली जायची. मोंटुलीने उपाय काढला. वेबसाइटने एक छोटी नोंद वापरणाऱ्याच्याच संगणकावर ठेवायची आणि पुढच्या भेटीत ब्राउझरने ती परत दाखवायची. ही नोंद म्हणजे कुकी. प्रत्येक ब्राउझरला एकच कायमचा ओळखक्रमांक देणं सोपं होतं, पण त्यामुळे माणसावर पाळत ठेवता आली असती, म्हणून तो मार्ग त्याने मुद्दाम टाळला.

पाळत आली ती दुसऱ्याच दाराने. वेबपानावरची जाहिरात बहुतेक वेळा तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येते, आणि त्या कंपनीलाही स्वतःची कुकी ठेवता येते. डबलक्लिकसारख्या कंपनीच्या जाहिराती असंख्य साइटींवर असल्या, की त्या सगळ्या साइटींवरचा माणसाचा वावर तिला जोडता येतो.

धोका वेळेत ओळखला गेला होता, हे या इतिहासातलं सर्वांत चटका लावणारं पान. फेब्रुवारी 1997मध्ये इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफने कुकींचं मानक प्रसिद्ध केलं. बेल लॅब्जचा डेव्हिड क्रिस्टॉल आणि स्वतः मोंटुली हे त्याचे लेखक. तिसऱ्या पक्षाच्या कुकींची मुभा द्यायचीच असेल, तर ती मुभा देणारं ब्राउझरमधलं बटण मुळात बंद असावं, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांनीही ते बटण चालूच ठेवलं. सेटिंग्जमध्ये जाऊन ते बंद करणारी माणसं थोडीच असतात, त्यामुळे कोट्यवधी लोकांचा निर्णय त्यांना न विचारताच होऊन गेला.

2003मध्ये आलेल्या ॲपलच्या सफारीने मात्र तिसऱ्या पक्षाच्या कुकी पहिल्यापासून अडवल्या. हा अडसर गुगलने वळसा घालून चुकवला, असा ठपका ठेवत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2012मध्ये कारवाई केली आणि कंपनीने 2 कोटी 25 लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. डबलक्लिक तेव्हा गुगलच्याच ताब्यात होती. ती खरेदी मार्च 2008मध्ये पूर्ण झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गुगलचा क्रोम ब्राउझर आला. जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीच्या हाती लोकांची खिडकीही आली.

फायरफॉक्सचा प्रवास याहून अवघड. नेटस्केपने 1998मध्ये खुल्या केलेल्या कोडमधून तो उभा राहिला. 2004च्या डिसेंबरात त्याच्या चाहत्यांनी वर्गणी काढून 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये दोन पानी जाहिरात दिली. तरीही 2013मध्ये तिसऱ्या पक्षाच्या कुकी अडवण्याचा त्याचा बेत जाहिरात व्यवसायाच्या विरोधानंतर लांबणीवर पडला. माग काढणाऱ्या कुकी सर्वांसाठी आपोआप अडवायला सप्टेंबर 2019 उजाडलं. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं बहुतांश उत्पन्न गुगलला मुख्य सर्च इंजिन ठेवण्याच्या करारातून येतं. ज्याच्यापासून वाचायचं त्याच्याच पैशावर हा पर्याय तगून आहे, हे निवड करणाऱ्याने लक्षात ठेवावं.

बाकीच्यांचे मार्ग निराळे. जावास्क्रिप्टचा जनक आणि मोझिलाचा सहसंस्थापक ब्रेंडन आइक याच्या ब्रेव्ह ब्राउझरने जाहिराती आणि मागोवा मुळातच अडवले, पण तो क्रोमियम या गुगलच्याच खुल्या पायावर उभा आहे. फायरफॉक्सवर बेतलेला टॉर ब्राउझर याहून खोलात जातो. कुकी नसतानाही फॉन्ट, स्क्रीनचा आकार, प्लगइन यांवरून ब्राउझर ओळखता येतो. ईएफएफ या अमेरिकन संस्थेने 2010मध्ये तपासलेल्या ब्राउझरांपैकी 83.6 टक्के एकमेवाद्वितीय निघाले. म्हणून टॉर आपल्या सगळ्या वापरकर्त्यांना शक्य तितकं एकसारखं दिसायला लावतो. टॉरचा वेग मात्र मंद असतो.

तिसऱ्या पक्षाच्या कुकी दोन वर्षांत बंद करू, असं क्रोमने जानेवारी 2020मध्ये जाहीर केलं होतं. मुदती पुढे ढकलल्या गेल्या, 2024च्या जुलैत बेत बदलून निवड वापरणाऱ्यांवर सोडायचं ठरलं, आणि एप्रिल 2025मध्ये त्यासाठी वेगळा प्रश्नही विचारला जाणार नाही, असं कंपनीने सांगितलं. क्रोममध्ये हे बटण आजही सेटिंग्जच्या आतच शोधावं लागतं.