दीर्घ टेलिफोटो भिंगांसाठी ट्रायपॉड

दीर्घ टेलिफोटो भिंगांसाठीचा ट्रायपॉड हा सुमारे ४०० मि.मी. किंवा त्याहून अधिक नाभीय अंतराचे भिंग आणि त्याला जोडलेला कॅमेरा स्थिर धरणारा तीन पायांचा आधार होय. पक्षी, वन्य प्राणी, चंद्र, मैदानी खेळ इत्यादींच्या छायाचित्रणात त्याचा उपयोग होतो. सर्वसाधारण छायाचित्रणाच्या ट्रायपॉडहून तो वजनाने अधिक आणि पायांनी जाड असतो. त्याचा शिरोभागही निराळा असतो. यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वर व पैनगंगा ही अभयारण्ये आणि बेंबळा, अरुणावती, पूस यांसारख्या प्रकल्पांचे मोठे जलाशय आहेत. त्यामुळे या साधनाची गरज येथे नेमकी कोठे पडते आणि कोठे पडत नाही, हे दोन्ही चांगले पाहावयास मिळते.

नाव

मराठीत या साधनाला तिपाई किंवा तिवई म्हणतात. बोलण्यात मात्र ‘ट्रायपॉड’ हाच शब्द रूढ आहे. खळ्यावर धान्य उफणताना शेतकरी ज्या उंच तीन पायांच्या घोडीवर उभा राहतो, तीही तिवईच. दोन्हींमागील भूमिती एक आहे. कोणतेही तीन बिंदू नेहमी एका प्रतलात येतात. त्यामुळे जमीन कितीही उंचसखल असली, तरी तीन पायांचे साधन डुगडुगत नाही. चार पायांचे डुगडुगते. टिपेश्वर अभयारण्याचे नाव तेथील टिपाई देवीवरून आले आहे. उच्चारसाम्य असले, तरी त्या नावाचा तिपाईशी काही संबंध नाही.

स्थिरतेची गरज

३६ मि.मी. रुंदीच्या संवेदकावर ६०० मि.मी. भिंगाचा आडवा दृष्टिकोन जेमतेम साडेतीन अंश असतो. अशा संवेदकावर आडव्या ओळीत ६,००० चित्रबिंदू असतील, तर एका बिंदूच्या वाट्याला सुमारे दोन विकला इतका कोन येतो, म्हणजे १०० मीटर अंतरावरील एक मिलिमीटर. भिंग व कॅमेरा मिळून २५ सें.मी. लांबीचा भाग धरला, तर त्याचे एक टोक केवळ अडीच मायक्रोमीटर हलले तरी प्रतिमा एका बिंदूने सरकते. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. हाताचा थरकाप, आरशाचा ठोका, शटरच्या पडद्याचा धक्का, वारा आणि शेजारच्या माणसाचे पाऊल यांपैकी कशानेही एवढी हालचाल सहज होते.

हातात धरून छायाचित्र घेताना शटरचा काळ नाभीय अंतराच्या व्यस्ताइतका किंवा त्याहून कमी, म्हणजे ६०० मि.मी.साठी सुमारे १/६०० सेकंद, असावा असा जुना संकेत आहे. भरपूर चित्रबिंदूंच्या आजच्या कॅमेऱ्यांना तो अपुरा पडतो. पहाटे किंवा दिवस मावळताना, म्हणजे प्राणी बाहेर पडतात नेमक्या त्या वेळी, एवढा प्रकाशही नसतो. भिंगातील कंपरोधक यंत्रणेने ही अडचण बरीच कमी केली आहे. तथापि तीन-चार किलोचे भिंग पाणवठ्याकडे रोखून दोन तास धरून ठेवणे कोणत्याही यंत्रणेच्या आधाराने शक्य होत नाही.

दुर्बीण स्थिर ठेवण्याचा प्रश्न कॅमेऱ्याहून जुना आहे. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घालणारा विल्यम लॅम्बटन जो मोठा थिओडोलाइट घेऊन देशभर फिरला, त्याचे वजन सुमारे अर्धा टन होते. हिंगणघाट हे गाव वर्धा जिल्ह्यात, यवतमाळच्या शेजारीच आहे. तेथे १८२३ मध्ये लॅम्बटनचा मृत्यू झाला. कोन विकलांच्या हिशेबात मोजावयाचे, तर उपकरणाखालचा आधार उपकरणाइतकाच महत्त्वाचा ठरतो, हे सर्वेक्षकांना दोनशे वर्षांपूर्वीच ठाऊक होते.

पाय

खरेदी करणारा बहुधा प्रथम ‘भारक्षमता’ पाहतो, आणि तेथेच निवड चुकते. भारक्षमतेचा आकडा ट्रायपॉड किती वजनाखाली मोडत किंवा घसरत नाही, एवढेच सांगतो; किती वजनाखाली तो कंप पावत नाही, हे सांगत नाही. शिवाय तो मोजण्याची सर्व उत्पादकांना समान असलेली रीत नाही. म्हणून एकूण साहित्याच्या वजनाच्या निदान अडीच ते तीन पट भारक्षमता असलेलाच ट्रायपॉड विचारात घ्यावा आणि पुढील निर्णय ताठरपणावरून करावा. येथे वजनांची कल्पना असलेली बरी. सिग्मा किंवा टॅमरॉनचे हलके १५०–६०० मि.मी. झूम भिंग सुमारे दोन किलोचे, निकॉनचे २००–५०० मि.मी. सुमारे २.३ किलोचे, तर कॅनन, निकॉन यांची एफ/४ छिद्राची ६०० मि.मी. भिंगे पिढीनुसार तीन ते पाच किलोंची असतात.

ताठरपणा मुख्यतः नळीच्या व्यासावर अवलंबून असतो. भिंतीची जाडी सारखी ठेवली, तर पातळ नळीचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे २८ मि.मी.ऐवजी ३२ मि.मी. व्यासाची नळी सुमारे दीडपट ताठ असते. जाहिरातीत सर्वांत वरच्या, जाड नळीचा व्यास दिलेला असतो. प्रत्यक्षात डळमळते ती सर्वांत खालची, बारीक नळी. या कारणाने चार किंवा पाच भागांच्या पायांपेक्षा तीन भागांचा पाय बरा. दुमडल्यावर त्याची लांबी वाढते, पण जिल्ह्यातल्या जिल्ह्यात दुचाकी किंवा जीपने जाणाऱ्यास ती अडचण फारशी जाणवत नाही. दोन किलोच्या झूम भिंगाला वरची नळी २८ ते ३२ मि.मी. चालते, एफ/४ जातीच्या मोठ्या भिंगांना ३२ ते ३६ मि.मी. किंवा त्याहून जाड हवी.

मधला उचलता येणारा दांडा दीर्घ भिंगासाठी नसलेलाच उत्तम. तो वर काढला की तीन पायांवर एक पाय उभा केल्यासारखे होते आणि ट्रायपॉडचा सगळा लाभ नाहीसा होतो. मग उंची पायांतूनच मिळवावी लागते. उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीतून शिरोभाग व भिंगाचे सुमारे २५ ते ३० सें.मी. वजा केले की पायांची आवश्यक उंची मिळते. सुमारे १७० सें.मी. उंचीच्या माणसाला ती १३० सें.मी.च्या आसपास येते. धरणाच्या उतरत्या काठावर एक पाय खाली सोडावा लागतो. त्यासाठी आणखी १५–२० सें.मी. हाताशी असावेत.

द्रव्याच्या बाबतीत कार्बन तंतू, ॲल्युमिनियम आणि लाकूड असे तीन पर्याय आहेत. १९१७ साली फ्रान्समध्ये स्थापन झालेल्या गित्झो कंपनीने १९९४ मध्ये कार्बन तंतूंचे पाय बाजारात आणले. कार्बन हलका व ताठ असतो आणि कंप लवकर शमवतो. ॲल्युमिनियम स्वस्त असते व आपटले तरी बहुधा वाकण्यावर निभावते. मात्र विदर्भातील मे महिन्याच्या उन्हात ते हात लावू देत नाही. जर्मनीतील बेर्लेबाख ही कंपनी अजूनही ॲश वृक्षाच्या लाकडाचे ट्रायपॉड करते. कंप शमवण्यात लाकूड कोणाला हार जात नाही. ते खांद्यावर वाहून न्यावे लागते, एवढाच त्याचा दोष. पैसे मर्यादित असतील, तर कार्बनच्या बारीक पायांपेक्षा ॲल्युमिनियमचे जाड पाय घेणे शहाणपणाचे. पहिला ट्रायपॉड स्वस्त म्हणून, दुसरा हलका म्हणून आणि तिसरा कामाचा म्हणून घेणारे छायाचित्रकार पुष्कळ आढळतात; तिघांची बेरीज तिसऱ्याच्या किमतीहून बरीच मोठी होते.

शिरोभाग

पायांवर जो हलता भाग बसतो त्याला इंग्रजीप्रमाणे ‘हेड’ म्हणतात. गोलकाचे हेड निसर्गदृश्यांसाठी सोयीचे असते. दीर्घ भिंगाखाली मात्र ते धोक्याचे ठरते. पकड सैल करताच भिंग एका बाजूला कोसळते, बोटे चिमटतात आणि कधी संपूर्ण ट्रायपॉड आडवा होतो. व्हिडिओसाठीचे द्रवयुक्त हेड सावकाश व एकसारखे फिरते. बसलेल्या पक्ष्यासाठी ते चांगले असते.

उडत्या पक्ष्यासाठी व चालत्या प्राण्यासाठी गिंबल हेड वापरतात. अमेरिकेतील विंबर्ली या उत्पादकामुळे ते वन्यजीव छायाचित्रकारांत रुळले. त्यात भिंग गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या अक्षाभोवती झुलते. त्यामुळे तोल साधला की कोणतीही पकड न आवळता भिंग ज्या कोनात सोडावे त्याच कोनात थांबते आणि एका बोटाने फिरवता येते. तोल दोन टप्प्यांत साधतात. प्रथम भिंग आडवे धरून पट्टी पुढे-मागे सरकवावी. नंतर भिंगाचे तोंड वर किंवा खाली करून सोडून पाहावे. ते आणखी कलत असेल किंवा परत आडवे होत असेल, तर आधाराची उंची बदलावी. गिंबलखालील बैठक समपातळीत नसेल, तर भिंग फिरवताना क्षितिज तिरपे होते. यासाठी अर्धगोल समतल बैठक असलेले पाय घेणे सोयीचे. तीन पाय पुन्हा पुन्हा लहानमोठे करण्याचा त्रास वाचतो.

जोड

ट्रायपॉडला कॅमेरा नव्हे, भिंग जोडावे. भिंगाच्या कड्याला असलेला पाया हेडवर बसवला म्हणजे तोल मधोमध येतो आणि कॅमेऱ्याच्या माउंटवर ताण पडत नाही. पाय व हेड यांमध्ये बहुधा ३/८ इंची आणि कॅमेरा किंवा भिंगाला १/४ इंची स्क्रू असतो. मोठ्या भिंगांच्या पायाला दोन्ही छिद्रे असतात. सुमारे ३८ मि.मी. रुंदीची, आर्का-स्विस पद्धतीची तिरप्या कडांची पट्टी आज सर्वत्र चालते. पट्टीच्या दोन्ही टोकांना अडवणारे छोटे स्क्रू असतात. ते काढून टाकू नयेत. पकड अर्धवट ढिली राहिल्यास भिंग घसरून पडण्यापासून तेवढेच वाचवतात. अनेक भिंगांचा मूळ पाया लांब व लवचीक असतो. पाय आणि हेड उत्तम असूनही प्रतिमा हलत असेल, तर दोष बहुधा येथे सापडतो.

खरेदीपूर्व तपासणी

दुकानात आपलेच भिंग नेऊन ट्रायपॉड पूर्ण उंचीवर उभा करावा. वरची बैठक दोन्ही हातांनी धरून पिळून पाहावी. पाय वाकण्यापेक्षा पिळले जाणे हा हलक्या ट्रायपॉडचा नेहमीचा दोष आहे. नंतर कॅमेऱ्याच्या पडद्यावर प्रतिमा सर्वांत मोठी करून भिंगाच्या टोकावर बोटाने हलकी टिचकी मारावी. प्रतिमा सुमारे एका सेकंदात स्थिर झाली तर ठीक. तीन-चार सेकंद थरथरत राहिली, तर तो ट्रायपॉड त्या भिंगाचा नव्हे. शक्य असल्यास ३० मीटरवर वर्तमानपत्राचे पान लावून १/१२५ पासून १/१५ सेकंदापर्यंत छायाचित्रे घ्यावीत. एकदा यांत्रिक शटरने व एकदा इलेक्ट्रॉनिक शटरने घेतल्यास शटरचा धक्का किती, तेही वेगळे कळते.

यवतमाळ जिल्ह्यातील उपयोग

टिपेश्वर अभयारण्य पांढरकवडा (केळापूर) व घाटंजी तालुक्यांत असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे १४८ चौ.कि.मी. आहे. तेथील सफारी उघड्या जीपमधून होते आणि वाटेत उतरण्यास मनाई असते. सहा जणांच्या जीपमध्ये तीन पाय पसरण्यास जागा नसते. पसरलेच, तरी प्रत्येकाच्या हालचालीने गाडी आणि तिच्याबरोबर ट्रायपॉड हलतो. म्हणून येथे ट्रायपॉड मुक्कामावर ठेवून बीनबॅग, म्हणजे धान्याची घट्ट पिशवी, किंवा एकपायी मोनोपॉड वापरावा आणि छायाचित्र घेताना इंजिन बंद करण्याची विनंती चालकास करावी. बीनबॅगमध्ये तांदूळ, गहू किंवा ज्वारी भरतात. दाणे एकमेकांत अडकून भिंगाला खोबण देतात. जिल्हा कापसाचा असला, तरी पिशवीत कापूस उपयोगाचा नाही. तो दबतो व पुन्हा उसळतो.

छायाचित्र सुस्पष्ट असण्याला येथे केवळ हौसेपलीकडचे मोल आहे. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची रचना वेगळी असते आणि त्यावरूनच त्याची ओळख पटते. २०१९ मध्ये टिपेश्वरमधून निघालेला टी१-सी१ हा तरुण नर महाराष्ट्र व तेलंगणातून भटकत बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याचा माग गळ्यातील रेडिओ कॉलरमुळे लागला. कॉलर नसलेला वाघ शेतशिवारात कोणाला दिसला, तर ओळखीसाठी छायाचित्रातील पट्टेच उरतात, आणि हललेल्या छायाचित्रात ते मोजता येत नाहीत.

ट्रायपॉडचे खरे क्षेत्र जलाशयांचे काठ हे होय. हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या यांसारखी स्थलांतरित बदके विदर्भातील जलाशयांवर येतात आणि काठापासून बरीच दूर राहतात. त्यांच्याकडे सरकत गेल्यास थवा उठतो. दूर एका जागी बसून राहण्यासाठीच हे वजन वाहून न्यावयाचे असते. काठावरील काळी माती ओली असताना टोकदार पाय आत खचतात. तेथे रुंद तळ किंवा पायाखाली फळीचे तुकडे ठेवावेत. उन्हाळ्यात भेगाळलेल्या मातीत पाय ढेकळावर न टेकता घट्ट जागी रोवावेत. वारा दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो आणि भिंगाचे हूड शिडासारखे वागते. अशा वेळी पाय आखूड करून बसून छायाचित्र घ्यावे. ट्रायपॉडला पिशवी टांगल्यास ती जमिनीला टेकलेली असावी. लोंबकळती पिशवी स्वतःच झोके घेते.

प्रत्यक्ष वेळी एक हात भिंगाच्या नळीवर, बैठकीच्या बरोबर वर हलकेच ठेवावा आणि डोळा दर्शिकेला टेकवावा. शरीर कंप शोषून घेते. विषय स्थिर असेल तर दूरनियंत्रक किंवा दोन सेकंदांचा स्वयंचलित विलंब वापरावा. काही जुन्या भिंगांतील कंपरोधक यंत्रणा ट्रायपॉडवर उलट काम करते व प्रतिमा हलवते. ती बंद करावी.

सकाळी दहानंतर तापलेल्या जमिनीवरील हवा थरथरू लागते. तीनशे मीटरवरचा पक्षी तेव्हा कितीही भक्कम ट्रायपॉडवरून धूसरच येतो. हा दोष ट्रायपॉडच्या माथी मारून नवा घेण्यापेक्षा पहाटे लवकर जाणे स्वस्त पडते.

निगा

पाण्यात किंवा चिखलात उभे करताना सर्वांत खालचा भाग आधी पूर्ण बाहेर काढावा, म्हणजे त्याचा जोड पाण्यावर राहतो. चिखल वाळण्यापूर्वी पाय स्वच्छ पाण्याने धुऊन, उघडे ठेवून सुकवावेत. पिळाचे जोड वर्षातून एकदोनदा खोलून पुसावेत आणि आट्यांना थोडे ग्रीस लावावे. साधे तेल लावू नये. त्यावर धूळ बसून जोड कुरकुरू लागतो.