पाच हजार, बायका सोडून



आपल्या गटात सगळ्यात जास्त कानावर पडणारा शब्द म्हणजे हप्ता. तो फारसीतल्या 'हफ्त' म्हणजे सात या शब्दावरून आला. हप्ता म्हणजे मुळात सात दिवसांचा आठवडा. ग्रीक भाषेत सातला 'हेप्ता', पाचला 'पेन्ते' आणि दहाला 'देका' म्हणतात. आपले सप्त, पंच, दश त्यांच्या सख्ख्या बहिणीच वाटतात, कारण या भाषा एकाच जुन्या कुळातल्या. बायबलचा 'नवा करार' सुमारे १९०० वर्षांपूर्वी ग्रीकमध्ये लिहिला गेला. आज त्यातले आकडे पाहू.

हे आकडे नुसते मोजणीचे नाहीत. आपण 'बारा बलुतेदार' म्हटले की अख्खे गाव डोळ्यांसमोर येते. तसेच तिथे 'दोदेका', म्हणजे बारा, म्हटले की इस्राएलचे बारा वंश, म्हणजे सगळा समाज आठवतो. सात म्हणजे पूर्णत्व, कारण सृष्टीच्या कथेत आठवडा सात दिवसांनी पुरा होतो.

मार्कच्या पुस्तकात एक बाई बारा वर्षे रक्तस्रावाने आजारी आहे. वैद्यांपायी सगळी पुंजी संपली आहे. त्याच प्रसंगात मरणाला टेकलेली एक मुलगी आहे, तिचे वय बारा. एक समाजाने विटाळ म्हणून दूर ठेवलेली, दुसरी बापाची लाडकी. एका आकड्याने दोघी शेजारी येऊन बसतात.

मार्कच सांगतो की एका गरीब विधवेने मंदिराच्या पेटीत दोन 'लेप्ता' टाकले. लेप्तॉन हे सगळ्यात लहान तांब्याचे नाणे. दोन मिळून एका दिवसाच्या मजुरीचा चौसष्टावा भाग. पण तेवढेच तिच्याजवळ होते, म्हणून तिचे दान सगळ्यांत मोठे ठरले.

आता पाच भाकरी आणि दोन माशांची गोष्ट. सगळे पोटभर जेवले आणि बारा टोपल्या उरल्या. जेवणारे किती? पाच हजार. पण ग्रीक शब्द आहे 'आन्द्रेस', म्हणजे पुरुष. मत्तय पुढे चार शब्द जोडतो, त्यांचा अर्थ बायका आणि मुले सोडून. भाकरी मोजल्या, मासे मोजले, टोपल्याही मोजल्या. बायका मात्र खिजगणतीत नाहीत! तरी ते चार शब्द होते म्हणून निदान त्या तिथे होत्या, जेवल्या, एवढे तरी आज कळते.

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. १९२२ मध्ये त्या गेल्या. बायकांना वगळणारी ही ओळ अशी एका बाईच्या लेखणीतूनही मराठीत उतरली.

आपल्याकडेही आकडे वाचून दाखवतात. शेतकरी इतके, मजूर इतके, ग्रामसभेला हजर इतके. मैत्रिणींनो, आपण फक्त ऐकून घेऊ नये. उभे राहून विचारावे, "यात बायका धरल्यात का?"