आडनावांची मुळे : गाव, वतन आणि व्यवसाय

धुळे-सोलापूर महामार्गावर, बीडच्या दक्षिणेस बालाघाटाच्या डोंगररांगेत मांजरसुंबा हे गाव आहे. पाटोद्याकडून येणारा आणि केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता येथेच महामार्गाला मिळतो. या गावाच्या नावाला 'कर' प्रत्यय जोडला की 'मांजरसुंबेकर' हा शब्द सिद्ध होतो. गावात मात्र त्याचा उपयोग नाही; तेथे सारेच मांजरसुंब्याचे. गाव सोडून परमुलखात स्थिरावलेल्यालाच मूळ गावाची खूण चिकटते. बीडकर, परळीकर, माजलगावकर ही आडनावे म्हणजे एका अर्थाने स्थलांतराचे दाखलेच होत.

हा दाखला नेहमीच निर्णायक असतो असे नाही. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातही मांजरसुंबा आहे आणि तेथील किल्ला प्रसिद्ध आहे. त्यामुळे केवळ आडनावावरून मूळ जिल्हा सांगता येत नाही. शिवाय आडनाव बदलतेही. मास्टर दीनानाथांच्या घराण्याचे आडनाव हर्डीकर. गोव्यातील मंगेशी गावावरून त्यांनी मंगेशकर हे आडनाव धारण केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे घराणे सकपाळांचे. कोकणातील आंबडवे या मूळ गावावरून आंबडवेकर अशी शाळेत नोंद झाली आणि पुढे आंबेडकर हे नाव रूढ झाले.

वतनाची नावे

आडनावांचा दुसरा मोठा वर्ग वतनांतून आला. गावाचा प्रमुख पाटील, त्याचा साहाय्यक चौगुला, गावाचा हिशेब ठेवणारा कुलकर्णी. परगण्याच्या पातळीवर हीच कामे अनुक्रमे देशमुख आणि देशपांडे यांच्याकडे असत. नाणी पारखणारा तो पोतदार. चिटणीस, फडणीस, सबनीस यांतील 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', अर्थात लिहिणारा. निजामाच्या राजवटीत राहिलेल्या मराठवाड्यात इनामदार, जहागीरदार ही नावे आजही ठळकपणे आढळतात. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि १९४९ मध्ये तेथील जहागिरी रद्द झाल्या. महाराष्ट्रातील वंशपरंपरागत पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपुष्टात आली. अधिकार गेले, आडनावे उरली.

जुन्या कागदपत्रांत आडनाव अनिवार्य नव्हते. व्यक्तीच्या नावापुढे 'बिन' किंवा 'वलद' लिहून पित्याचे नाव दिले की ओळख पुरी होई. अंबाजोगाईशी नाते असलेले आद्यकवी मुकुंदराज आणि दासोपंत आजही आडनावावाचूनच ओळखले जातात.

कुळे, कामे आणि टोपणनावे

जाधव, कदम, साळुंखे ही नावे परंपरेने अनुक्रमे यादव, कदंब व चालुक्य या राजकुळांशी जोडली जातात. पश्चिम महाराष्ट्रातील साळुंखे मराठवाड्यात बहुधा सोळंके होतो. जोशी, सुतार, सोनार ही नावे व्यवसायाची. काळे, गोरे, वाघमारे ही वर्ण, स्वभाव वा पराक्रमावरून पडलेली नावे असावीत.

युरोपातही आडनावे याच वाटांनी घडली. हंगेरीतील कोवाच म्हणजे लोहार, साबो म्हणजे शिंपी, नाज म्हणजे थोर किंवा मोठा. होर्वात हे मुळात क्रोएशियाहून आलेल्याचे नाव. हंगेरियन माणूस आडनाव आधी लिहितो व स्वतःचे नाव नंतर. स्लाव्ह भाषांतील नोवाक म्हणजे गावात नव्याने आलेला. पोलिश नावांतील 'स्की' बहुधा गावाशी वा जहागिरीशी नाते सांगतो, म्हणजे आपल्या 'कर'चाच तो दूरचा भाऊबंद. रशियातील बहुसंख्य शेतकऱ्यांना तर स्थिर आडनाव १८६१ मध्ये भूदासप्रथा संपल्यानंतरच मिळाले.

आडनाव आणि जात

आपल्याकडे मात्र आडनाव ऐकताच जातीचा अंदाज बांधण्याची सवय जडली आहे. तो अंदाज अनेकदा फसतो. देशमुख, पाटील ही नावे अनेक जातींत आणि एकाहून अधिक धर्मांत आढळतात. चव्हाण, पवार, जाधव मराठा समाजात आहेत, तसेच बंजारा समाजातही आहेत. पद, कुळ वा गाव सांगणाऱ्या शब्दावरून माणसाची पारख करू पाहणे मुळातच सदोष ठरते.

या सवयीची किंमत बीड जिल्ह्याने मोजली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि त्यानंतर जिल्ह्यातील जातीय तणाव चव्हाट्यावर आला. २०२५ मध्ये जिल्हा पोलीस दलाने कर्मचाऱ्यांच्या नामफलकांवरून आडनाव वगळून केवळ पहिले नाव ठेवण्याचा उपक्रम हाती घेतला. दरम्यान, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय नोंदीत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव हा क्रम राज्य शासनाने ठरविला आहे.

दरवर्षी या जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. दोनशे वर्षांपूर्वी अशा प्रवासातून एखादे नवे 'कर' जन्मले असते. आता आधार कार्ड आणि शाळेच्या दाखल्याने आडनाव गोठविले आहे. ते पुसणे सोपे नाही. परंतु त्याचा खरा अर्थ कळला, तर त्यावर लादलेला जातीचा अर्थ निदान सैल होऊ शकेल.