हरवलेली अक्षरे

इंग्रजी भाषेत शब्दांचा एक खेळ पुष्कळ लोकप्रिय आहे. काही अक्षरे द्यावयाची आणि ती सर्व ज्यात येतील असा लांबात लांब शब्द शोधावयास सांगावयाचे. ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर याच क्रमाने कोणत्या शब्दात येतात, असे विचारले की जाणकार 'फसीशियस' किंवा 'ॲबस्टीमियस' असे उत्तर देतो आणि मंडळी खूश होतात. वेळ घालविण्याचे एक निरुपद्रवी साधन, यापलीकडे आपण त्याला महत्त्व देत नाही. परंतु श्रोतेहो, थोडी अक्षरे हाती असताना पुरा शब्द शोधण्याचा हाच उद्योग काही विद्वानांनी जन्मभर केला, आणि आपल्या इतिहासाची कितीतरी हरवलेली पाने त्यामुळे परत मिळाली.

इ. स. 1837 मधील गोष्ट घ्या. सांची येथील स्तूपाच्या कठड्यावर कोरलेल्या लहान लहान लेखांचे ठसे जेम्स प्रिन्सेप याच्यापुढे होते. लिपी ब्राह्मी; ती त्या काळी कोणाला धड वाचता येत नव्हती. प्रिन्सेपला एवढेच दिसले की, बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात आणि अखेरीस एक बिंदू असतो. देवस्थानात भक्तमंडळी कशासाठी नाव कोरवितात? दिलेल्या देणगीची नोंद राहावी म्हणून. तेव्हा हा शब्द 'दानं' असला पाहिजे, असा त्याने तर्क केला. द आणि न ही अक्षरे निश्चित झाली, आणि थोड्याच अवधीत अशोकाचे लेख बोलू लागले.

लिपी ओळखीची झाली तरी काम संपत नाही, कारण दगड झिजतो. ज्या अभनपुरात माझे वास्तव्य आहे, तेथून एक रस्ता धमतरीकडे जातो आणि दुसरा राजिमकडे. एके काळी रायपूर-धमतरी या छोट्या आगगाडीचा राजिमचा फाटाही येथेच फुटत असे. राजिम हे महानदीच्या संगमावरील क्षेत्र. तेथील राजीवलोचनाच्या मंदिरात नलवंशीय राजा विलासतुंग याचा एक प्राचीन शिलालेख आहे. त्यातील अक्षरे ठिकठिकाणी नष्ट झाली आहेत. नागपूरचे विख्यात संशोधक महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी तो परिश्रमपूर्वक वाचून प्रसिद्ध केला. दिवंगत पुत्राला पुण्य लाभावे म्हणून या राजाने विष्णूचे मंदिर बांधविले, हे त्यातून कळले. एका बापाचे दुःख अशा रीतीने कित्येक शतकांनंतर जगाला समजले.

गेलेले अक्षर ओळखावयाचे तरी कसे? जुने संस्कृत लेख पुष्कळदा पद्यात असतात, आणि येथे आपल्या मदतीला येते ते वृत्त. शाळेत पाठ केलेले गण आठवा. शार्दूलविक्रीडिताच्या चरणात अक्षरे एकोणीस, आणि त्यांतली पहिली तीन गुरू. चरणाचा आरंभ झिजला असेल तर तेथे 'राजा' हा शब्द बसू शकेल. 'नृप' बसणार नाही, कारण त्याचा पहिला वर्णच लघू. म्हणजे किती अक्षरे गेली हे वृत्त सांगते, आणि ती लघू होती की गुरू हेही सांगते. इंग्रजी खेळात नुसती अक्षरे मोजावयाची. आपल्याकडे त्यांचे वजनही मोजले जाते. शिवाय अर्थ, व्याकरण आणि त्या घराण्याचे इतर लेख यांची साक्ष जुळावी लागते.

आकड्यांना मात्र वृत्ताचा आधार नसतो. अलिबागजवळच्या अक्षी येथील मराठी शिलालेखातील शकाच्या वाचनावरून विद्वानांत मतभेद झाले, आणि आद्य मराठी शिलालेख कोणता, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे. अशा वेळी तिथी आणि वार उपयोगी पडतात. राजिमच्याच मंदिरातील जगपालाच्या लेखात कलचुरि संवत 896, माघ शुद्ध अष्टमी, बुधवार असा काळ दिला आहे. गणित केले तर 3 जानेवारी 1145 हा दिवस येतो, आणि तो खरोखरच बुधवार होता. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे अध्यापन केलेले कीलहॉर्न यांनी अशाच पडताळ्यांनी कलचुरि संवताचा आरंभ इ. स. 248 च्या सुमारास असल्याचे ठरविले. दगडावरच्या एका वाराने एका संवताचे कोडे सुटण्यास साहाय्य केले.

तथापि या विद्येचे खरे मर्म बुद्धीच्या चमकेत नाही. ते संयमात आहे. खेळात जो शब्द बसला तो जिंकला. इतिहासात बसणारा शब्द आणि खरोखर कोरलेला शब्द एकच असेल असे नाही. म्हणून संशोधक स्वतः भरलेले अक्षर कंसात घालतो. मिराशी यांचा कलचुरि लेखांचा मोठा संग्रह 1955 मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. असा ग्रंथ उघडला की दगडाने काय सांगितले आणि पंडिताने काय सुचविले, हे वाचकाला वेगवेगळे दिसते. पुढे कोणाला अधिक स्पष्ट ठसा मिळाला, तर कंसातले अक्षर बदलता येते, आणि त्यात पहिल्या संशोधकाला कमीपणा वाटण्याचे कारण नसते.

सरकारी दप्तरात आयुष्य घालविणाऱ्या माणसाला या लहानशा कंसाचे मोल विशेष वाटते. जुन्या कागदावरची शाई उडालेली असते, आणि त्या रिकाम्या जागी आपल्या सोयीचे नाव वाचण्याचा मोह अनेकांना होतो. कोणाला जमीन हवी असते, कोणाला वंशाचा मोठेपणा, कोणाला गावाचा मान. राजघराण्यांच्या आणि जातीजमातींच्या इतिहासाची तर याहून मोठी ओढाताण होते. अशा वेळी जागा रिकामी आहे हे कबूल करणे, आणि भरलीच तर ती आपण भरली आहे असे लिहून ठेवणे, हा प्रामाणिकपणाचा पहिला धडा होय. हरवलेली अक्षरे शोधावीत, जरूर शोधावीत. परंतु आपले अक्षर पूर्वजांच्या हातचे म्हणून कधी खपवू नये.