किरमिजी वेलीचं चिनी सासर

देवनागरी लिपीतलं 'ख' हे अक्षर मोठं कपटी. 'र' आणि 'व' शेजारीशेजारी उभे राहिले की त्यांचा हुबेहूब 'ख' व्हायचा. जुन्या वळणाच्या पत्रात 'चि. बंडूस आज सकाळी रवाना केले' असं वाक्य आलं, की वाचणाराच्या उतावळेपणानुसार बंडूचा एकतर प्रवास तरी व्हायचा, नाहीतर फराळ तरी! शेवटी लिपिसुधारणेवाल्या मंडळींनी 'ख'चे दोन्ही पाय खालून एकमेकांना बांधून टाकले, तेव्हा कुठे बंडूच्या जिवाला स्वस्थता लाभली.

हे पुराण लावण्याचं कारण म्हणजे चीनमधलं एक काळं द्राक्ष. आता तुम्ही म्हणाल, बंडूवरून एकदम चीनवर कसे गेलात? सांगतो. रोमन लिपीतही असाच एक 'रवाना' दडलेला आहे. 'आर' आणि 'एन' ही दोन अक्षरं जरा दाटीवाटीनं बसली की त्यांचा 'एम' होतो, आणि 'एम' जरा सैल बसला की त्याचे 'आर-एन' होतात. जर्मन भाषेत 'गेमिश्त' म्हणजे मिसळलेलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपातून चीनला द्राक्षाची रोपं गेली. त्यांतल्या एका जुडीवर 'काबेर्ने गेमिश्त', म्हणजे 'काबेर्ने घराण्यातली सरमिसळ', असं लिहिलेलं असावं आणि कुणीतरी त्यातल्या 'एम'चे 'आर-एन' करून ते 'गेर्निश्त' वाचलं असावं, असा जाणकारांचा तर्क आहे. 'गेर्निश्त' या शब्दाला जर्मन भाषेत काडीचा अर्थ नाही. पण अर्थ नसल्यामुळे एखादं नाव बंद पडलंय, असं कधी झालंय का? आमच्या आळीतले पिंट्या आणि बंट्या दोघेही आता पेन्शनीत निघाले आहेत!

ही रोपं मागवणारा गृहस्थही नावांच्या बाबतीत अस्सल होता. ग्वांगडोंग प्रांतातल्या डाबू गावाकडचा हा गरिबाघरचा मुलगा पोट भरायला समुद्रापार बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला गेला आणि पुढे अफाट श्रीमंत झाला. चीनमध्ये तो जांग बिशी. पेनांगमध्ये चाँग फॅट त्झे. तिथली त्याची निळी हवेली आजही लोक बघायला जातात. डचांच्या कागदपत्रांत तो थिओ तिआऊ सिआत. जितकी बंदरं तितकी नावं! इतकी नावं आपल्याकडे फक्त देवांना असतात, किंवा मग ज्यांच्या मागावर सावकार असतात त्यांना.

बटाव्हियात एका मेजवानीत एका फ्रेंच वकिलानं त्याला सांगितलं म्हणे, की तुमच्या चीनमध्ये यंताई बंदराच्या बाजूला फार छान द्राक्षं होतात, तिथे वाइन सुंदर होईल. मेजवानीत असं पुष्कळ लोक पुष्कळ काही सांगतात. आपण मान डोलावतो आणि जिलबी संपवतो. या माणसानं ते पक्कं लक्षात ठेवलं आणि १८९२ साली यंताईत तीस लाख ताएलांच्या घरातली चांदी ओतून 'चांगयू' नावाची वाइन कंपनी काढली. 'चांग' हे स्वतःचं आडनाव आणि 'यू' म्हणजे भरभराट.

भरभराट मात्र बरीच उशिरा आली. युरोपातून शंभरावर वाणांची रोपं आणली, त्यांतली पुष्कळशी दगावली. मग तिकडच्या रानटी द्राक्षाच्या खुंटावर कलमं बांधली, तेव्हा कुठे वेली धरल्या. जमिनीखालचं तळघर १८९४ साली खणायला घेतलं, ते पुरं व्हायला अकरा वर्षं लागली. (आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं काम रेंगाळलं की मी हा आकडा सेक्रेटरींना सांगतो. त्यांना बरं वाटतं.) वाइन करायला ऑस्ट्रियाहून बॅरन माक्स फॉन बाबो नावाचा सरदार आला. हे आडनाव मी तुम्हाला हसवायला रचलेलं नाही, खरोखरच 'बाबो' होतं. त्याचे वडील द्राक्षाच्या रसातली साखर मोजण्याचं माप शोधणारे थोर शास्त्रज्ञ. बाटल्या बाजारात आल्या त्या थेट १९१४ साली, म्हणजे दुकान काढल्यावर बावीस वर्षांनी! दुसऱ्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात कंपनीनं सुवर्णपदकं मिळवली. आणि त्याच्या पुढच्या वर्षी, १९१६ साली, जांग बिशी वारले. बावीस वर्षं वाट पाहिली आणि दोन वर्षं कौतुक पाहिलं. हिशेब घालून पाहिला तर कुठलाही मारवाडी हसेल. पण पिढ्यांसाठी झाडं लावणाऱ्या माणसांना हिशेब येत नाही, म्हणून तर आपल्याला आंबे खायला मिळतात.

यंताईच्या मळ्यांत तीन युरोपियन वेली नावारूपाला आल्या. चिन्यांनी तिघींना नावं ठेवली, म्हणजे चांगल्या अर्थानं ठेवली. प्रत्येकीच्या नावाच्या शेवटी 'जू', म्हणजे मोती. काबेर्ने सोव्हिन्यों झाली 'छिश्याजू', तांबड्या ढगांचा मोती. काबेर्ने फ्राँ झाली 'पिनलीजू'. आणि ती वाचनात घोटाळा झालेली गेर्निश्त झाली 'शेलोंगजू', सर्प आणि ड्रॅगन यांचा मोती! थोरल्या दोघींची कुळं ठाऊक होती. धाकटी मात्र कोण, कुठली, कुणालाच सांगता येईना. चिनी लोकांनी तिला आपलीच मानली आणि शंभर वर्षं नांदवली.

तिचं माहेर निघालं फ्रान्समधलं बोर्दो. तिथे तिचं नाव होतं 'कारमेनेर'. हे नाव 'कार्मिन' या रंगावरून आलेलं, कारण हिची पानं गळण्याआधी लालबुंद होतात. आणि 'कार्मिन' म्हणजे आपला किरमिजी बरं का! अरबी 'किर्मिज' शब्दातून दोघेही निघाले, आणि त्याच्याही मागे गेलं तर संस्कृत 'कृमिज', म्हणजे किड्यापासून झालेला, इथपर्यंत वंशावळ नेतात. ज्या नावाच्या मुळाशी कीड, त्या वेलीचा घातही किडीनंच केला, याला काय म्हणावं! एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या, मुळांवरच्या माव्यासारख्या किडीनं फ्रान्सचे मळेच्या मळे उठवले. पुढे अमेरिकन खुंटावर कलमं करून मळे पुन्हा उभे राहिले. पण कारमेनेर पहिल्यापासूनची नाजूक. फुलोऱ्याच्या वेळी जरा थंडी-पाऊस झाला की मणी धरायच्या आधीच गळ. शेतकऱ्यांनी म्हटलं, ही कटकट पुन्हा कशाला लावा? नाही लावली. बोर्दोत ती जवळजवळ संपलीच.

इथे मला माझी आत्या आठवते. तिचं माहेरचं नाव मथुरा. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'सुलोचना' असं लिहिलं आणि मथुरा संपली. तिला कुणी विचारलं नव्हतं. त्या काळी विचारत नसत. पन्नासएक वर्षं ती उत्तम सुलोचनाबाई होती. फक्त भाऊबीजेला माझे वडील दारातून 'मथे!' अशी हाक मारायचे, तेव्हा हातातलं काम टाकून ती जी काही यायची, ती सुलोचनाबाई नसायची. वडील गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "आता मथुरा म्हणणारं कुणी राहिलं नाही रे."

कारमेनेरला तिच्या नावानं हाक मारणारं बोर्दोत कुणी राहिलं नाही. पण किडीच्या आधी, १८५० च्या सुमारास, बोर्दोची काही रोपं चिली देशात गेली होती. एकीकडे अँडीज पर्वत, दुसरीकडे पॅसिफिक समुद्र आणि वर वाळवंट, त्यामुळे ती कीड तिथे पोचलीच नाही. तिथे ही बाई मेर्लो नावाच्या दुसऱ्या वेलीच्या घोळक्यात बिनबोभाट राहिली. लोक दोघींना मेर्लोच म्हणायचे. मेर्लोचे घड पिकायचे तीनचार आठवडे आधी आणि हिचे मागाहून, पण तोडणी एकदमच! मग वाइनला कच्च्या सिमला मिरचीचा वास मारायचा आणि लोक म्हणायचे, आमच्या मेर्लोचा हा खास गुण आहे. अखेर २४ नोव्हेंबर १९९४ रोजी झाँ-मिशेल बुर्सिको नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं माइपो खोऱ्यातल्या एका मळ्यात वेलीची फुलं न्याहाळली, त्यातल्या वाकड्या केसरांकडे पाहिलं आणि सांगितलं, ही मेर्लो नव्हे, ही आमची हरवलेली कारमेनेर! चिलीवाले आता तो दिवस साजरा करतात.

चीनमधल्या शेलोंगजूची पाळी नंतर आली. एकविसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी तिचा डीएनए तपासला, तो कारमेनेरशी जुळला. बोर्दोत गेली म्हणून हात धुऊन बसलेली पोर एकाच वेळी दोन खंडांत, दोन वेगळ्या नावांनी संसार करत होती. चीनमध्ये तर तिनं फार सोसलं. पुष्कळ जुन्या वेलींना पानं गुंडाळणाऱ्या विषाणूची बाधा, त्यामुळे घड सारखे पिकत नाहीत. यंताईला समुद्राची ऊब तरी आहे. तिकडे पश्चिमेला निंगश्या प्रांतात थंडी एवढी, की दर हिवाळ्यात वेली आडव्या करून मातीखाली पुरतात आणि वसंतात पुन्हा उकरून काढतात. आमच्या नाशिक-सांगलीकडचा बागायतदार ऑक्टोबर छाटणीच्या मजुरीनंच मेटाकुटीला येतो. त्याला दरसाल अख्खी बाग पुरायला सांगितली, तर तो आधी सांगणाराला पुरेल.

नावांची सरमिसळ आपल्याकडेही आहेच. ज्याला मध्य आशियात किशमिश म्हणतात, त्याला तुर्कस्तानात सुलतानी म्हणतात आणि कॅलिफोर्नियात ते टॉमसन झालं. टॉमसनच्या वेलींतून आमच्या तासगावकडे जो वाण निवडला गेला, त्याचं नाव 'तास-ए-गणेश'. फारसी इजाफत आणि गणपतीबाप्पा एकाच मांडवाखाली! घड गोड लागला, की व्याकरण कोण विचारतो?

आता प्रश्न असा, की प्रयोगशाळेनं माहेर शोधून दिलं म्हणून त्या चिनी वेलीनं नाव बदलावं का? काटेकोर मंडळी म्हणतात, बदलावं. कारमेनेर ती कारमेनेर. मला मात्र तसं वाटत नाही. जुडीवरची चिठ्ठी चुकीची वाचली हे खरं. पण नंतर कलमं बांधणं, थंडीत जपणं, तळघरात वर्षानुवर्षं वाट पाहणं, हे काही चुकून झालेलं नाही. ते 'शेलोंगजू' या नावानं झालं. माहेरच्या नावानं हाक मारणारं कुणीतरी पुन्हा भेटलं, हे पुष्कळ झालं. त्यासाठी सासरचं नाव पुसायलाच हवं, असं कुठे आहे? चीनमधले बाटलीवाले तरी अजून 'गेर्निश्त'च छापतात.

मी स्वतः द्राक्षाला ओळखतो ते घडाच्या आणि बेदाण्याच्याच रूपात. पण यंताईची ती बाटली कधी समोर आलीच, तर वास घेण्याआधी चिठ्ठी वाचीन. एकदा 'आर-एन' धरून आणि एकदा 'एम' धरून. तिला दोन्ही नावांनी हाक ऐकू येत असेल.