घरातली कोणती भिंत पाडता येते?

हॉल मोठा करायचा किंवा ओपन किचन हवे, म्हणून मधली भिंत काढली जाते. "ही साधी पार्टिशन आहे, पाडून टाकू," असे इंटिरिअरवाला म्हणतो आणि दोन तासांत काम उरकते. ती भिंत वरच्या मजल्याचे ओझे पेलत होती का, हे तिच्या जाडीवरून नेहमी कळत नाही.

आरसीसी इमारतीत भार स्लॅबवरून बीमवर, बीमवरून कॉलमवर आणि तिथून पायात जातो. तिथे विटांची भिंत बहुधा नुसती मोकळी जागा भरते. मग ती चार इंची असो की नऊ इंची. जुन्या चाळी आणि वाड्यांत मात्र कॉलम नसतात. जाड भिंतीच स्लॅब किंवा लाकडी तुळया पेलतात. तिथे दरवाजा रुंद करायचा तरी आधी टेकू आणि वर गर्डर लागतो.

तिसरा प्रकार नव्या टॉवरमधला, आणि सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. मायवान म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या इमारतीत बऱ्याचशा भिंती सळईच्या काँक्रीटच्या असतात आणि त्याच भार घेतात. प्लास्टर-रंगाखाली त्या साध्याच दिसतात. ड्रिल मारल्यावर विटेचा लाल भुगा न येता करडी पूड आली आणि बिट पुढे सरकेना, तर काम तिथेच थांबवावे. (हलक्या ब्लॉकचीही पूड करडी येते, पण त्यात ड्रिल लोण्यासारखे घुसते.) पक्के उत्तर मूळ स्ट्रक्चरल ड्रॉइंगवरच मिळते.

मुंबईत घाटकोपरची 'सिद्धी साई' ही चार मजली इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळली आणि १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर नूतनीकरण सुरू होते आणि त्यात कॉलमना धक्का लावल्याचा आरोप रहिवाशांनी केला होता.

भिंतीइतकेच फरशीकडे दुर्लक्ष होते. जुनी न काढता तिच्यावर दोन इंच मसाला आणि नवी टाइल बसवली, की दर चौरस मीटरला शंभर किलोंहून जास्त वजन वाढते. भारतीय मानकानुसार घरातल्या खोल्यांसाठी माणसे-सामान यांचा भार धरतात तो साधारण दोनशे किलो. म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत एक टनाहून अधिक ओझे कायमचे येऊन बसते.

बाल्कनीचे गणित उलटे. पुढे झेपावलेल्या स्लॅबमध्ये मुख्य सळई वरच्या बाजूला असते, खाली नाही. त्यामुळे वॉटरप्रूफिंगसाठी वरून खोल तोडफोड केली की नेमकी तीच सळई उघडी पडते किंवा कापली जाते. टोकावर विटांची भिंत बांधून बाल्कनी बंद करणे त्याहून वाईट. तिथे हलकी स्लायडिंग खिडकी पुरते.

एसीच्या पाइपसाठी बीमला भोक पाडणे, वायरिंगसाठी कॉलम खोदणे ही कामे मिस्त्री सहज करून टाकतो. दोन्हीला स्पष्ट नकार द्यावा.

सोसायटीचे ना-हरकत पत्र म्हणजे भिंत पाडायला हरकत नाही, असा दाखला नव्हे. तो परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरच देऊ शकतो, आणि तो लेखी घ्यावा. इमारतीच्या सांगाड्यात बदल होणार असेल तर महापालिकेची परवानगी वेगळी लागते.